ओढ्याकाठची काळी लव

८ फेब्रुवारी

विद्यापीठातल्या निशिझोनो सरांनी लेखासाठी मी लिहिलेलं रोपाचं वर्णन परत पाठवलं. लाल खुणांनी नुसतं रंगलंय. जन्मभर शाळेत मी पोरांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं, आता म्हातारपणी माझ्यावर चालतंय. आधी राग आला. मग चहा करून प्यायले आणि पुन्हा वाचलं, तर बहुतेक ठिकाणी त्यांचंच बरोबर होतं. मग जास्तच राग आला.

"फूल लाजून खाली बघतं" असं मी लिहिलं होतं. त्यापुढे त्यांची टीप: "झुकलेलं, एवढं पुरे. लाजण्याचा पुरावा नाही."

म्हणून आज सगळं कोरडं करून लिहिलं. इथेही उतरवून ठेवते, म्हणजे त्यांनी पुन्हा बदललं तरी माझ्याकडे माझं राहील.

'ओढ्यालगतच्या ओल्या खडकावर वाढणारं बुटकं रोपटं. खोड जवळपास नाहीच. पानं मुळापासून झुबक्याने निघतात. लांबट, भाल्यासारखी, कडा दंतुर, वरचं अंग गुळगुळीत आणि चकचकीत. पानाच्या खालच्या अंगाला शिरांवर व देठावर दाट काळी लव. फूल पांढरं, घंटीच्या आकाराचं, कंठाशी पिवळसर, झुकलेलं.'

सगळा भार त्या काळ्या लवेवर आहे. दक्षिणेकडच्या दुसऱ्या बेटावर असंच एक रोप आहे, पान तेच, फूल तेच, फक्त लव पांढरी. आमची लव काळी म्हणून आमची जात वेगळी. जगात नवी. हिगुरा ओढ्याच्या एका वळणावर ती आहे, आणि बाकी कुठेही नाही. मी अख्खा ओढा विषारी हाबू साप हाकलायची काठी आपटत वरपासून खालपर्यंत पालथा घातलाय.

नाव मिसाओचं द्यायचं हे मी पहिल्या दिवशीच सरांना सांगितलंय. मिसाओ म्हणजे माझा धाकटा भाऊ तामोत्सु, त्याची बायको. गेल्या जूनमध्ये गेली. रेशमाच्या लडी विसळता विसळता तिनेच मला हाक मारली होती, "वन्सं, हे फूल तुमच्या पुस्तकात आहे का?" पुस्तकात नव्हतं. आता येईल, आणि तिच्याच नावाने येईल.

१३ फेब्रुवारी

सर विचारतात, हा काळा रंग वरून चढलेला डाग नाही ना? धुऊन पाहा.

प्रश्न रास्त आहे. तीन पानं आणली. एक गरम पाण्यात ठेवलं, एक स्पिरिटमध्ये, तिसरं साबण लावून चोळलं. तसूभर फरक पडला नाही. म्हणजे रंग लवेचा स्वतःचा आहे. तसं कळवून टाकलं.

तामोत्सु भट्टीवरून जेवायला आला होता, तो दारात उभा राहून बघत होता. कोपरापर्यंत काळेभोर हात. आमच्या घराण्यात हात असेच असतात. बाबांचे होते, मिसाओचे लग्नानंतर वर्षभरात झाले. तेचिगीच्या लाकडाचा लाल काढा, मग चिखलकुंड, मग ओढा, पुन्हा काढा, पुन्हा चिखल, असं करत रेशीम काळं होतं आणि त्याबरोबर माणूसही. शेजाऱ्यांचं कुत्रं ओढ्यातून आलं की त्याचे पंजेसुद्धा काळे असतात.

"ताई, आमची लडपण अशीच धुऊन बघ," तो म्हणाला. "जन्मात नाही जाणार."

"तुझ्या लडीची जाहिरात नको," मी म्हटलं. "इथे विज्ञान चाललंय."

"चालू दे. भात वाढ."

१९ फेब्रुवारी

वर्णनात 'अधिवास' असा एक भाग लिहावा लागतो, म्हणजे रोप कुठे आणि कसं राहतं. सरांनी तो स्वतःच लिहून पाठवलाय: 'मानवी वावरापासून दूर, अस्पर्श ओढा.'

वाचून हसू आलं. ते गेल्या ऑगस्टमध्ये आले होते, नेमके पितरांच्या सणात. सगळं गाव सुट्टीवर, तामोत्सुची भट्टी बंद, ओढा काचेसारखा. सर खडकावर उभे राहून म्हणाले, "वा, इथे माणसाचा हातच लागलेला नाही!" तामोत्सुने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो जिथे रोज कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो तिथल्याच खडकावर सर उभे होते. पण घरी दुःख ताजं होतं, पाहुणे लांबून आलेले, कशाला खोटं पाडा. नंतर सांगू म्हटलं आणि राहून गेलं.

आता सांगायचं तर लेख अडेल. विसळण्याने झाडाचं काही बिघडत नाही हे मला ठाऊक आहे, मग तो शब्द आहे तसा राहिला तर काय बिघडलं? ठेवला.

३ मार्च

गावच्या कचेरीतून योनामोरी आला होता, शेजारी तामोत्सुच्या घरी. माझाच विद्यार्थी. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द त्याला तीन वर्षांत एकदाही नीट लिहिता आला नाही, आणि आज तो निसर्गरक्षणाचा अधिकारी आहे. पण मुलगा मनाचा चांगला. निशिझोनो सरांनी कचेरीला परस्पर पत्र धाडलंय की असं असं रोप आहे, जपायला हवं. म्हणून त्या वळणावर पाटी लावायची, आत कुणी जायचं नाही, आणि वरच्या बाजूने पाण्यात काहीही सोडायचं नाही.

काहीही म्हणजे लडीचं पाणी. योनामोरीला ते तोंडातून काढवेना. चहाचा पेला फिरवत बसला. शेवटी मीच तामोत्सुला भट्टीवरून हाक मारली आणि सांगून टाकलं.

तामोत्सुने काळे हात पंचाला पुसले. मग म्हणाला, "आमचं पाणी वाईट आहे का?"

"वाईट नाही हो काका," योनामोरी म्हणाला. "पण झाड जगात एवढंच आहे. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, वर रंगारी होता, कचेरी नुसती बघत बसली."

"मग मी विसळू कुठे?"

"पुलाखाली जागा आहे ना. आम्ही पायऱ्या करून देऊ."

"पुलाखाली भरतीचं पाणी चढतं. रेशीम आहे ते, मासळी नाही."

मला वाटलं आता हे भांडणावर जाणार. म्हणून मी हुकमी पान काढलं. म्हटलं, "तामोत्सु, त्या फुलाला मिसाओचं नाव लागणार आहे. तुला सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस. पण ते तू आपलं घरात म्हणतेस असं वाटलं."

"घरात कशाला? छापून येणार. जगात कुठेही ते फूल कुणी बघितलं तर त्याला मिसाओच म्हणावं लागणार. आपण मेल्यावरसुद्धा."

तो उठला, देव्हाऱ्यापाशी गेला. मिसाओच्या फोटोपुढच्या पेल्यातलं पाणी सकाळीच बदललेलं होतं, तरी त्याने पुन्हा बदललं. परत येऊन म्हणाला, "सोमवारी हलवतो."

योनामोरीने एवढं खाली वाकून आभार मानले की पेला लवंडला.

९ मार्च

पाटी लागली. हिरवी, पांढऱ्या अक्षरांची. अक्षर सुबक आहे. तामोत्सुने आपला दगडी ओटा सोडून टोपल्या, दांडे, सगळं हातगाडीवर घालून पुलाखाली नेलं. मी वळणावर एकटी बसून राहिले. कळ्या अजून नाहीत. पाणी मात्र खरंच काचेसारखं झालंय, सरांच्या वर्णनाला शोभेलसं. एक खोटं आपोआप खरं झालं, बरं वाटलं.

२४ मार्च

तामोत्सुची कुरकुर. पुलाखाली ओढ्याला ओढच नाही, चिखल धाग्यात बसून राहतो. भरतीची वेळ सांभाळावी लागते. ओल्या लडी चढावरून वर आणताना कंबर धरते. विणकर मंडळाने एक खेप परत पाठवली, रंग सारखा नाही म्हणून.

मी म्हटलं, नवी जागा आहे, हाताला सवय व्हायला वेळ लागतो. मलमपट्टी आणून दिली. आणि सांगितलं की सगळं वेळेवर झालं तर जूनमध्ये मिसाओच्या वर्षश्राद्धाला छापलेला कागद देव्हाऱ्यात ठेवता येईल. तो लगेच गप्प झाला. हा उपाय रामबाण आहे, पण सारखा वापरू नये.

४ एप्रिल

रोपांना नवी पानं फुटली! यंदा जोर चांगला आहे. आरशाने खालचं अंग बघितलं तर लव पांढरी. कापसासारखी.

आरसा पुसून पुन्हा बघितलं, तरी पांढरीच. मग विचार केला की कोवळ्या पानाची लव आधी पांढरी असणार आणि पान जून झालं की काळी पडत असणार. जुन्या पानांची काळीच आहे. वर्णनात एक वाक्य घातलं: 'कोवळी लव पांढरी, वयाबरोबर काळी होते.' सरांचं लगेच उत्तर आलं, "उत्कृष्ट निरीक्षण." त्यांच्याकडून उत्कृष्ट! दिवसभर तरंगत होते. रात्री पपईचं लोणचं जरा जास्तच खाल्लं.

हल्ली तामोत्सुच्या भट्टीचा धूर येत नाही, त्यामुळे अंगणात कपडे वाळत घालायला बरं झालंय.

१२ एप्रिल

पानं पुरी मोठी झाली. लव पांढरीच.

योनामोरीला बोलावून घेतलं. म्हटलं, तुझ्या पाटीचा रंग पाण्यात उतरतोय, झाडाला रोग झाला. तो बिचारा पाटी उपटून, नखाने खरवडून दाखवायला लागला, "बाई, हा सुकलेला रंग आहे, आणि पाटी तर खालच्या बाजूला आहे." ते खरं होतं. मग मी वरच्या संत्र्याच्या बागेवर संशय घेतला. तिथला म्हातारा म्हणाला, औषध मारायला मला पैसे कोण देतं? तेही पटलं.

तामोत्सुला नेऊन दाखवलं. तो वाकून बघून म्हणाला, "चांगली टवटवीत तर आहेत."

"लव बघ. पांढरी पडलीय."

"मग काय झालं? छान दिसतेय."

"तुला काही कळत नाही," मी म्हटलं. तो मान हलवून निघून गेला. त्याला काम नव्हतं की काय कोण जाणे, घाईत नव्हता.

१६ एप्रिल

सरांचा फोन. लेख स्वीकारला. महिनाअखेर छापायचा मसुदा तपासायला येईल. मी पांढऱ्या लवेचं काही बोलले नाही. झाड आजारी आहे, बरं होईल, असं स्वतःला सांगितलं. विज्ञानाच्या बाईने असं स्वतःला काही सांगत बसू नये हे मला कळतं. तरी सांगितलं.

तामोत्सुला स्वीकारल्याचं कळवलं. तो मिसाओच्या थडग्यावर जाऊन आला. "तिच्या कानावर घातलं," म्हणाला. नवी फुलंही ठेवून आला.

१९ एप्रिल

आज तिसऱ्या चांद्रमासाची तीज, समुद्रावर जायचा दिवस. आज जो खाऱ्या पाण्यात पाय बुडवणार नाही तो कावळा होतो, म्हणून गावातले दुखरे गुडघेसुद्धा किनाऱ्यावर हजर होते. योमोगीचा पाला घातलेली तांदळाची हिरवी चिकट मोची, खारट मिसोतलं डुकराचं मांस, शोचू दारू, सगळं पथारीवर मांडलेलं. दरवर्षी तामोत्सु हात वर करून एकच विनोद करतो, "मी तर कावळा आहेच, मला कसली भीती!" आणि गाव दरवर्षी तितकंच हसतं. यंदा त्याने तो केला नाही. मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने बाह्या वर करून हात पुढे केला.

हात गोरा होता.

म्हणजे पुरता नाही. नखांच्या कडेला काळं होतंच. पण हातावरचे केस टोकाला काळे आणि मुळाशी पांढरे. केसांना रंग लावणारी बाई महिनाभर विसरली की भांगात दिसतं, तसं.

"हे काय रे?" मी विचारलं.

"काय?"

"हातावरचे केस पांढरे झालेत तुझे."

तो हसला. "ताई, साठी उलटली माझी. पांढरेच आहेत ते. आजवर रंगाने काळे दिसायचे."

"मग आता का नाही दिसत?"

"रंगात हात घातला तर दिसतील ना." मोचीचा घास घेऊन त्याने सावकाश चावला. "दुसरी खेपही परत आली. मंडळ म्हणालं, पाण्याचं जमेपर्यंत थांबा. भट्टी थंड आहे. तुला वाटलं काय, मी एवढा रोज घरी बसून आंघोळी करतोय?"

मी त्याच्या शेजारच्या घरात राहते. धूर नाही हे मला दिसलं होतं. मी कपडे वाळत घातले.

हे आधी सुचलं आणि दुसरं त्यामागून. केस, मुळाशी पांढरे, टोकाला काळे. जुनी पानं काळी, नवी पांढरी. डबा हातातून खाली ठेवला. तामोत्सु म्हणाला, "काय झालं, खडा लागला का?" मी म्हटलं, उन्हाने गरगरतंय, आणि घरी निघून आले. पाय बुडवायचे राहिले. कावळा होऊ देत, या घडीला तेच योग्य आहे.

२० एप्रिल

करून पाहिल्याशिवाय मानायचं नाही असं मी पोरांना शिकवत आले. म्हणून केलं. तामोत्सु मंडळात गेला होता. वळणावरून एक नवं पान आणलं, पांढऱ्या लवेचं. भट्टीतल्या पिंपात जुना काढा आहे, त्यात बुडवलं. मग चिखलकुंडात चोळलं, मग पाण्यात विसळलं. पुन्हा काढा, पुन्हा चिखल. लव तपकिरी झाली, मग करडी, मग काळी. पानाचं वरचं अंग गुळगुळीत, त्याला काही चिकटलं नाही. मग गरम पाणी, स्पिरिट, साबण. गेलं नाही.

जाणार कसं? आमच्या बाबांचा रंग आहे तो.

कुंडाच्या काठावर बसून मी चांगली रडले. जगातली नवी जात म्हणून मी जिचं वर्णन केलं, ती दक्षिणेकडच्या बेटावरचीच आहे, आमच्या पाण्याने रंगलेली. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. नवखा माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला असता, बाई, इथे तर दगडसुद्धा काळे आहेत. मला जन्मापासून सगळं काळंच दिसत आलंय, हात, दगड, कुत्र्याचे पंजे. त्यात एक झाड काळं दिसलं तर मला ते झाडाचंच वाटलं. आणि ज्यांना वेगळं दिसलं असतं ते सर आले तेव्हा मी गप्प बसले.

सगळ्यात वाईट म्हणजे तामोत्सुची जागा मी काढून घेतली. कशासाठी, तर त्याच्याच रंगाला त्याच्यापासून वाचवायला.

२२ एप्रिल

सरांना फोन केला. सगळं सांगितलं, ऑगस्टमधलंसुद्धा.

"तुम्ही मला त्याच वेळी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मी त्या खडकावर उभा राहून काय काय बोललो!"

"हो. आम्ही ऐकलं."

मग ते हसले. जरा उशिरा, पण हसले. माणूस वाटला होता त्यापेक्षा बरा आहे. लेख ते मागे घेतील. त्याऐवजी एक छोटी नोंद छापतील, दक्षिणेकडचं दुर्मीळ रोप आमच्या बेटावरही आहे, हे प्रथमच कळलं म्हणून. तीही काही लहान गोष्ट नाही असं ते म्हणाले. नाव अर्थातच जुनंच, ज्याने ते आधी शोधलं त्याने दिलेलं. वाळवलेला नमुना मात्र तरीही पाठवून द्या, संग्रहात राहील.

रोपाला पाण्याने काही झालं नाही याचा तुमच्याकडे पुरावा आहे का, हेही त्यांनी विचारलं. म्हटलं, इतकी वर्षं ते त्या पाण्यात फुलतंय, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? "तसं कचेरीला लिहितो," म्हणाले.

आता तामोत्सु. सरांना सांगणं सोपं होतं.

२३ एप्रिल

सांगितलं नाही. सकाळी गेले तर तो देव्हारा पुसत होता. छापलेला कागद कुठे ठेवायचा म्हणून फोटोची चौकट जरा डावीकडे सरकवली होती, आणि "इथे बसेल ना ताई?" असं मलाच विचारलं. मी "बसेल" म्हटलं आणि परत आले. भेकड.

२५ एप्रिल

सांगितलं. आधी भट्टीवर नेलं, पान काढ्यात बुडवून काळं करून दाखवलं. मला वाटलं, बोलण्यापेक्षा ते सोपं पडेल.

तो बघत राहिला. "म्हणजे ते झाड नवीन नाही."

"नाही."

"आणि नाव?"

"नाव लागणार नाही, तामोत्सु. मी चुकले."

तो वळला. चिखलकुंडापाशी जाऊन काठाची माती पायाने सारखी केली. मग हसायला लागला. हसता हसता खाली बसला. "म्हणजे महिनाभर मी घरी बसलो," तो म्हणाला, "कारण माझ्या रंगाला माझं पाणी लागू नये!"

"हसू नकोस. मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय."

"होऊ दे जरा. मलाही झालं होतं, दुसरी खेप परत आली तेव्हा." हे म्हणताना तो हसत नव्हता. मग म्हणाला, "तिला सांगून आलो ना मी, ताई. तुझं नाव छापून येतंय म्हणून. आता परत जाऊन काय सांगू?"

मी म्हटलं, मी जाऊन सांगते, चूक माझी. तो म्हणाला, "तू नको. तू वर्गात शिकवल्यासारखं सांगशील."

दोघंही हसलो. त्यानंतर तो रडला. मिसाओ गेल्यावर मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून राहिले, पाठीवर हात ठेवला, आणि एकदा तरी तोंड बंद ठेवलं.

२६ एप्रिल

योनामोरी येऊन गेला. सरांचं पत्र मिळालंय. रोप दुर्मीळ आहेच, म्हणून पाटी राहील, पण विसळणाऱ्याला आत जाता येईल. "काका, मला माफ करा," म्हणत तो पुन्हा खाली वाकला. मी चहाचा पेला आधीच बाजूला घेतला होता. तामोत्सुने हातगाडी काढली आणि दुपारपर्यंत टोपल्या, दांडे जुन्या ओट्यावर आले.

वळणावर पहिली घंटी उघडलीय. पांढरी, कंठाशी पिवळसर, झुकलेली.

२९ एप्रिल

आज भट्टी पेटली. धूर सरळ माझ्या अंगणात. वाळत घातलेली चादर पुन्हा धुवावी लागली.

नमुना पाठवायचा म्हणून मी कागद काढून बसले होते. गेल्या वसंतात तोडलेलं, दाबून वाळवलेलं रोप, पानाचं खालचं अंग वर करून चिकटवलेलं. तामोत्सु जेवायला आला, हात पुन्हा मनगटापर्यंत काळे, आणि कागदावर वाकला.

"हे कधी तोडलंस?"

"खाली तारीख आहे बघ. गेल्या वर्षी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात."

त्याने तारीख वाचली. पुन्हा वाचली. "तेव्हा मी नाझेच्या इस्पितळात होतो. कमरेच्या ऑपरेशनला. आठवतं? महिनाभर मला पाण्यात उतरू दिलं नव्हतं."

"आठवतं."

"म्हणजे त्या महिन्यात ओढ्यावर विसळायला ती एकटीच होती."

मी पानाकडे पाहिलं. एवढ्या वेळा भिंगाखाली धरलेलं पान. वसंतात फुटलेलं, त्या महिन्यात वाढलेलं.

"हा कागद कुठे जातो?" त्याने विचारलं.

"विद्यापीठाच्या संग्रहात. कपाटात, कोरड्या जागी."

"किती दिवस ठेवतात?"

"दिवस काय, शेकडो वर्षं. फुलांचा रंग मात्र उडतो."

"हा उडेल?"

"तूच सांग. रंगारी तू आहेस."

"हा नाही उडायचा," तो म्हणाला. बोट पुढे केलं, पण काळं आहे हे आठवून पानाला लावलं नाही.

तो जेवून भट्टीवर गेला. नमुन्याच्या खाली एक चिठ्ठी चिकटवायची असते. तिच्यावर रोपाचं जुनं नाव लिहिलं, ओढा लिहिला, 'मूळ लव पांढरी' असं लिहिलं. मग सरांना काय वाटायचं ते वाटो म्हणून शेवटच्या दोन ओळी स्वच्छ अक्षरात लिहिल्या.

गोळा करणारी: चिझुए ताबाता.
रंगवणारी: मिसाओ ताबाता.